एकपृच्छा

खर्रर्र… कट्.

दुपारच्या अडीचला, सामसूम घरात तो आवाज झाला आणि शाल्मलीच्या हातातला चहाचा कप ओठांपाशीच थांबला. आतल्या खोलीत चार वर्षांची निमी झोपली होती. तिच्या कुशीत बाहुली नव्हती. काळा, जड, पाठीवर गोल डायल असलेला लाईनमनचा टेस्टफोन होता. झोपताना तिने नऊच्या भोकात बोट घालून डायल फिरवून धरली होती. झोप गाढ झाली तसं बोट निसटलं आणि डायल खरखरत आपल्या जागी परत आली.

शाल्मलीने कान देऊन पाहिलं. निमी हलली नाही. म्हणजे अजून पाऊण तास तरी हाताशी होता.

शनिवारी निमीला बाहेर घेऊन जाणारा तिचा बाबा, कौस्तुभ, आज कामावर गेला होता. भांडी घासायची होती, कपडे वाळत घालायचे होते, आणि सोमवारी सहीसाठी द्यायचा अहवाल लॅपटॉपवर उघडून ठेवला होता. शाल्मलीने यातल्या कशालाच हात लावला नाही. तिने फोन टेबलावर उभा केला, आवाज अगदी बारीक केला आणि नानांचा पुढचा निरोप लावला.

निरोप एकूण चारशे बारा होते. सव्वा वर्षाचे, रोजचा एक, चुकलेल्या सकाळी मोजून तीसचाळीस. गेले दोन महिने ती ते ओळीने ऐकत होती. एकही गाळायचा नाही, वेग वाढवायचा नाही, मधूनच शेवटचा लावायचा नाही. इयरफोन कानात घालून ऐकवत नसे. खोलीत कुणी बोलत असल्यासारखा आवाज असला तर ऐकवे. आज तीनशे ऐंशीवर आली होती.

"कोंडतिठ्याहून सातार्डेकर बोलतोय," फोन म्हणाला. "वेळ सात दहा. हवा कोरडी."

प्रत्येक निरोप असाच सुरू व्हायचा. भालचंद्र सातार्डेकर, तिचे नाना, टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं लाईनमन होते. घरात मालवणी बोलणारा हा माणूस समोर यंत्र आलं की खात्यात नोंद दिल्यासारखा छापील बोलायचा. रोज सकाळी सातला एक्स्चेंजची तपासणी संपायची, म्हणून निरोपाची वेळ सात दहा. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी ती हलली नव्हती. शेवटी "तुझा चहा झाला का?" हे विचारायचं, मग "संपलं" म्हणायचं आणि बंद करायचं.

ह्या चारशे बारांतला एकही निरोप शाल्मलीने ते हयात असताना पुरता ऐकला नव्हता.

*

ती मोबाईलच्या टॉवरवर काम करायची. म्हणजे टॉवरवर चढायची नाही. टॉवरने कुणाशी कसं बोलायचं, याचे नियम लिहायची.

जुना टॉवर कंदिलासारखा होता. मधे टांगला की चारी बाजूंना उजेड, कोण कुठे बसलंय ते कंदिलाला ठाऊक असायची गरज नाही. पण पुढे माणसांना फोनवरून इतकं काही हवंसं झालं की साध्या लहरी पुरेनात, मग फार वरच्या लहरी वापरात आल्या. त्या पुष्कळ माल वाहतात, पण स्वभावाने नाजूक. त्यांना सगळीकडे पसरू दिलं तर वाटेतच विरतात. म्हणून नवा टॉवर त्यांचा अरुंद झोत करतो, विजेरीसारखा, आणि तो थेट तुमच्या हातातल्या फोनवर धरतो.

विजेरी आली की एक कटकटही येते. माणूस हलला की झोत हलवायला हवा. म्हणजे टॉवरने सारखं विचारत राहायचं: आता कुठे आहेस? ह्या दिशेने बरं ऐकू येतं की त्या? फोनने दर वेळी उत्तर द्यायचं. त्यात नव्या टॉवरवर एक नाही, चार विजेऱ्या. लहरींच्या चार वेगवेगळ्या पट्ट्यांतून एकाच वेळी माल जातो. ह्या पट्ट्यांना त्यांच्या कामात कॅरिअर म्हणतात. चार कॅरिअर, प्रत्येकाचे चौसष्ट झोत, आणि प्रत्येक जण स्वतंत्रपणे तोच प्रश्न सेकंदाला पन्नास वेळा विचारणार. शंभरातले बावीस क्षण नुसते विचारपुशीत जायचे. म्हणजे लग्नघरी पाहुणे इतके की 'कधी आलात, कसे आलात' यातच मुहूर्त टळावा.

ही विचारपूस कमी करणं हे शाल्मलीचं काम होतं.

निमी सहा महिन्यांची असताना तिला युक्ती सुचली. रविवारची सकाळ होती. एका मांडीवर दूध पिणारं बाळ, खांद्यावर टॉवेल, आणि मान वाकडी करून कानाशी धरलेला फोन. पलीकडे आई.

"सगळे बरे?"

"बरे गो."

झालं. नाना बरे, काकू बऱ्या, गाभण म्हैस बरी. आई एकटीच उत्तर द्यायची आणि ते सगळ्या घराला लागू व्हायचं. फोन ठेवताना शाल्मलीच्या मनात लख्ख झालं. चारही विजेऱ्या एकाच खांबावर बसलेल्या आहेत. एकीला माणूस ज्या अंगाला दिसतो, उरलेल्या तिघींनाही तो त्याच अंगाला असणार. मग चौघींनी कशाला विचारायचं? एकीने विचारावं, बाकीच्यांनी तिच्या उत्तरावर मान वळवावी. आणि तिची तक्रार नसेल तोवर उरलेल्या तिघींनी तोंडसुद्धा उघडू नये.

बावीसचे पाच झाले. ऑफिसात तिचे वरिष्ठ, सबनीस सर, आकडे पाहून खुर्चीतून उठले आणि उगाच खिडकीपर्यंत जाऊन आले. पद्धतीला नाव हवं होतं. सबनीसांच्या वडिलांनी जन्मभर संस्कृत शिकवलं होतं. ते म्हणाले, "एकपृच्छा." तेच नाव राहिलं.

*

त्या दिवाळीत गावी गेल्यावर ती नानांना हे सांगायला कधी नव्हे इतकी उतावीळ होती. नाना घरापुढच्या खळ्यात बसून सुपारी सोलत होते. काचबिंदूने त्यांची नजर तेव्हाच कडेकडेने विझत आली होती. सुपारी ते बोटांनीच बघायचे.

"म्हणजे चौघांतल्या एकालाच विचारायचं?"

"हो."

"आणि बाकीचे तिघे?"

"त्याच्या मागून. एकाला जे उजवीकडे, ते सगळ्यांनाच उजवीकडे. एकाच खांबावर ना नाना!"

नानांनी सुपारी फिरवून दुसरी बाजू सोलली. "चारही कायम एकाच खांबावर असतात?"

"कायम."

"अपवाद नाही?"

"नाना, तुम्ही माझी तोंडी परीक्षा घेताय का?"

ते हसले. "मी आपला विचारतोय. वीस जोड्यांच्या केबलीत एक जोडी बोलली म्हणून मी कधी सही केली नाही."

"तुमच्या दिवसाला वीस जोड्या होत्या. माझ्या सेकंदाला वीस हजार आहेत."

"तेही खरंच."

आई माजघरातून म्हणाली, "त्यांचां काय घेऊन बसलंस? रेडिओ बंद केल्यार हात लावून बघतत, गप रवलो काय म्हणून."

तिघंही हसली. पण शाल्मलीला ठाऊक होतं की हा नुसता विक्षिप्तपणा नव्हता. पाचसहा वर्षांची असताना ती नानांच्या सायकलच्या नळीवर बसून लाईनवर जायची. केबल तुटलेली असायची, नाना जोडायचे, एक्स्चेंजमधला माणूस म्हणायचा, "झालं, सातार्डेकर, लाईन आली, या आता." नाना यायचे नाहीत. त्या केबलीवर जेवढी घरं, तेवढ्या घरांच्या पायऱ्या चढायचे. टेस्टफोनचे चिमटे तारेला लावायचे आणि फोन तिच्या हातात द्यायचे. ती ऐटीत म्हणायची, "हॅलो, टेस्टिंग." पलीकडून आवाज आला तरच पुढचं घर. परतताना अंधार व्हायचा, ती पेंगायची आणि कुरकुरायची, तेव्हा नाना पॅडल मारता मारता म्हणायचे, "खांब बोलला म्हणून घर बोललं, असं नसतं गो."

दिवाळीतल्या त्या दुपारी हे वाक्य त्यांनी म्हटलं नाही. मुलगी इतकी आनंदात होती. सोललेली सुपारी त्यांनी तिच्या हातावर ठेवली.

*

तिच्या फोनमधली सोय निमीच्या जन्मापासूनच सुरू होती. आलेले निरोप फोन स्वतःच ऐकायचा, त्यांचा एका ओळीत सारांश द्यायचा, आणि साधासा निरोप असला तर तिच्या वतीने साधंसं उत्तरही धाडायचा. आईपण आणि नोकरी यांच्यात दिवस असा फाटून जायचा की ही सोय नसती तर आपण कुणालाच उत्तर दिलं नसतं, असं तिला मनापासून वाटायचं. ते खोटंही नव्हतं.

पुढे नानांना अक्षर दिसेनासं झालं आणि ते बोलके निरोप पाठवू लागले, तेव्हा तेही आपोआप ह्याच चाळणीतून गेले. तीन मिनिटांच्या निरोपाची खाली एक ओळ यायची. 'नाना बरे आहेत. आंब्याला मोहोर.' 'नाना बरे आहेत. काकूंचा गुडघा दुखतो.' ती ओळ बसमध्ये वाचून व्हायची आणि बरं वाटायचं.

त्यांच्या वाढदिवसाला तिने चष्मा पाठवला. दिसायला साधा, पण त्याच्या काडीत कॅमेरा. समोरचं दृश्य तो क्षणोक्षणी टॉवरकडे पाठवायचा, दूरच्या शहरातला संगणक ते बघायचा आणि कानात सांगायचा: दोन पावलांवर पायरी, डावीकडे गुरं, वर फांदी. एवढं भराभर बघून सांगायचं तर चौथ्या, सगळ्यांत वरच्या कॅरिअरशिवाय जमायचं नाही. नानांना फार बडबड आवडत नाही म्हणून तिनेच चष्म्याला नेमून दिलं होतं: अडथळा असेल तरच बोल. गप्प असलास तर वाट मोकळी.

चष्म्यावर नाना पुन्हा फिरायला लागले. सकाळचा निरोप पाठवायचा आणि जुन्या लाईनच्या वाटेने एक फेरी मारायची. आता तिथे ना खांब होते ना तारा. "पण जागा ठाऊक आहेत," ते म्हणायचे.

फाल्गुनातल्या एका सोमवारी सिंधुदुर्गातले दोनशे नऊ टॉवर एकपृच्छेवर आले. यादीवर शाल्मलीची सही होती. मंगळवारी सकाळी साडेसातला नाना ओढ्यावरच्या साकवापर्यंत गेले. साकवाचं एक लाकूड शिमग्याच्या गर्दीत निखळलं होतं. चष्मा काही बोलला नाही. नानांनी पाऊल टाकलं.

शाळेत जाणाऱ्या मास्तरांना ते खाली खडकात दिसले, तेव्हा नऊ वाजत आले होते. शाल्मली दुपारी जिल्ह्याच्या गावी इस्पितळात पोचली. नाना पाच दिवस होते, पण शुद्धीवर आले नाहीत.

*

बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी ती एकटी साकवावर गेली. टेकडीवर टॉवर उभा दिसत होता. इथे त्याचा झोत पोचायला काही अडचण नव्हती. चष्मा बिघडलेला नव्हता, तिने पिशवीतून काढून लावला तर पिंपळाची फांदीसुद्धा त्याने सांगितली. मात्र टॉवर आता जुन्या पद्धतीवर होता. गेल्याच आठवड्यात, कारण न देता, तो एक टॉवर तिने यादीतून काढून ठेवला होता.

परतताना पाण्याच्या टाकीपाशी ती थबकली. टाकीच्या कठड्यावर राखाडी रंगाचा डबा टांगला होता. ती तो डबा ओळखायची, चौथ्या कॅरिअरचा अँटेना. त्याचा फोटो तिच्या टेबलावर होता.

"टाकयेर तो डबो कसो?" तिने घरी येऊन आईला विचारलं. दुःखात माणूस आपल्या मूळ बोलीवर येतं.

आईने सांगितलं. टेकडीच्या उतारावर देवराई आहे. बाकीचे डबे झाडांतून पलीकडे बोलायचे, पण ह्या एकाला पानसुद्धा आड चालेना. फांद्या तोडायच्या तर देवराईत कोयता लावायचा नाही. गावाने देवाला कौल लावला. पाकळी डावीकडून पडली, म्हणजे देवाचा नकार. मग कामावरच्या मुलांनी चौथा डबा खाली टाकीवर टांगला आणि ती निघून गेली.

शाल्मलीला पुढचं कुणी सांगायला नको होतं. कंपनीच्या नोंदीत कोंडतिठा म्हणजे एक गाव, एक टॉवर, एक क्रमांक. चारही डब्यांना तोच. त्या सकाळी टेकडीवरच्या पहिल्या कॅरिअरने विचारलं, कुठे आहेस. चष्मा म्हणाला, तुझ्या उजव्या अंगाला. टेकडीवरचे दोघे उजवीकडे वळले. टाकीवरचा चौथाही आज्ञाधारकपणे आपल्या उजवीकडे वळला आणि त्याने आपला झोत कापणी झालेल्या, रिकाम्या मळ्यावर धरला. चष्म्याची दृश्यं कुणाकडेच गेली नाहीत. पण तक्रार करायचा हक्क फक्त पहिल्याला होता, आणि पहिला तर मजेत होता. चष्म्याला वाटलं, जोडणी ठीक आहे. तो गप्प राहिला. गप्प, म्हणजे वाट मोकळी.

पुण्याला येऊन तिने त्या मंगळवारची नोंद काढली. साडेसात ते नऊ, एकूण एक रकाना हिरवा होता.

*

"हे कुणाला कळणार होतं?" सबनीस सर म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. अंत्यदर्शनाला पुण्याहून गाडी चालवत आले होते. "शाल्मली, चाळीस हजार टॉवरांत असं एक गाव. देवाने डावा कौल दिला, हे कुठल्या तक्त्यात येतं सांग."

"पुढचे टॉवर थांबवायला हवेत, सर."

"थांबवू."

"आणि चौघांना एकत्र बांधायच्या आधी प्रत्येकाला एकदा तरी स्वतंत्र विचारायला हवं. नंतरही, दर दहा सेकंदांनी. प्रत्येकाला."

"किती वाढेल?"

तिने आदल्या दोन दिवसांत हिशेब करून ठेवला होता. "पाचाचे सात होतील."

"दोन फक्त?"

"दोन."

 सबनीसांनी टेबलावरची फाईल मिटली. "अहवाल तूच लिही. सगळं लिही, काही लपवू नकोस. फक्त एक वाक्य त्यात असू दे, म्हणजे कुणा एकाच्या मानेवर येणार नाही. तुझ्या तर नाहीच नाही."

ते वाक्य तिने लिहिलं होतं. 'चौथा अँटेना वेगळ्या जागी असल्याची माहिती कोणत्याही मार्गाने आमच्यापर्यंत पोचलेली नव्हती.' तिला ते खरं वाटलं होतं. गेल्या दोन महिन्यांत रात्री तिला जी काही झोप लागली, ती ह्याच वाक्याच्या उशीवर.

*

"…तुझा चहा झाला का? संपलं."

तीनशे ऐंशीवा निरोप संपला. काकूंची म्हैस व्याली होती, एवढंच त्यात होतं. आत निमीचा श्वास संथ येत होता. अजून चाळीस मिनिटं तरी होती. शाल्मलीने पुढचा लावला. तारीख माघातली होती.

"कोंडतिठ्याहून सातार्डेकर बोलतोय. वेळ सात दहा. हवा स्वच्छ, थंडी बरी. काल तुझ्या टॉवरवर नवीन डबे चढले. मी मोजले. म्हणजे तुझ्या आईला मोजायला लावले, ती वैतागली. तीन टेकडीवर आहेत. चौथा तिथे चालेना, देवराई आड येते. कौल लावला, देवाने डावा दिला, हसू नकोस. मग तो पाण्याच्या टाकीवर टांगलाय. आता हे नीट ऐक. तू निमीच्या पहिल्या दिवाळीत म्हणाली होतीस, चारही कायम एका खांबावर. इथे तसं नाही. ह्या चौघांना एका मापाने धरू नकोस."

मधे थोडा वेळ नुसता कोंबड्याचा आवाज होता.

"मी कामावरच्या मुलांना सांगितलं. ती म्हणाली, आजोबा, वरती सगळं ठाऊक असतं. वरती म्हणजे तूच ना? म्हणून तुला सांगतो. कागदावर लिहून घे गो, कामात विसरशील. निमीला म्हणावं, टेस्टफोनची वायर बदलून ठेवलीय, मे महिन्यात येशील तेव्हा ने. तुझा चहा झाला का? संपलं."

 खालून कुणाची तरी स्कूटर सुरू होऊन लांब गेली. मग शाल्मलीने फोन हातात घेतला आणि निरोपाखालची ओळ पाहिली.

'नाना बरे आहेत. गावी टॉवरचं काम झालं. देवाला कौल लावला. निमीची आठवण काढली.'

ही ओळ तिला आठवत होती. बसमध्ये वाचली होती. कौलाचं वाचून तिला हसूही आलं होतं, आणि नाना कशासाठी कौल लावत असतील ते संध्याकाळी विचारू, असं तिने ठरवलं होतं. त्या संध्याकाळी निमीला ताप होता.

त्याखाली तिचं उत्तर होतं, म्हणजे तिच्या नावाने गेलेलं. सात वाजून अकरा मिनिटांनी. 'अरे वा, मस्त! काळजी घ्या नाना.'

त्यांनी ते कुणाकडून तरी वाचून घेतलं असणार. आईकडून. आणि मग, मुलीने ऐकलं, लिहून घेतलं, असं समजून ते निश्चिंत झाले असणार. खांबावर विश्वास न ठेवणाऱ्या त्या माणसाने ह्या एका घराची पायरी मात्र चढून पाहिली नाही. हे घर तपासायचं त्याला कारण वाटलं नाही.

तिने लॅपटॉप जवळ ओढला. अहवालातलं ते वाक्य सापडायला वेळ लागला नाही. तिने ते निवडलं आणि पुसलं. वरच्या आणि खालच्या परिच्छेदांमध्ये एक कोरी ओळ राहिली. तिथे काय लिहायचं, ते तिला ठाऊक होतं. माहिती पोचली होती, माझ्यापर्यंत, अमुक तारखेला, सात वाजून दहा मिनिटांनी. ती अक्षरं बोटांतून काही उतरेनात. चहा कपात तसाच होता, त्यावर साय धरली होती.

"आजोबा होते?"

निमी दारात उभी होती. केस एका बाजूला चपटे, गालावर उशीची घडी, आणि छातीशी दोन्ही हातांनी धरलेला टेस्टफोन, वायर मागे फरफटत आलेली.

"तू कधी उठलीस, पिल्ला?"

"मघाशीच. आजोबा बोलत होते."

"हो. जुनं आहे ते. आधी बोलून ठेवलेलं."

निमी येऊन तिच्या मांडीवर चढली. फोन जड होता, तो आधी टेबलावर ठेवला, मग स्वतः बसली, मग फोन पुन्हा मांडीवर घेतला. नानांनी शिकवलं होतं तसा तो दोन्ही हातांनी कानाशी धरला आणि थोडा वेळ ऐकून पाहिलं.

"ते म्हणाले, नीट ऐक."

"हो."

"आणि कागदावर लिहून घे म्हणाले."

"हो, बाळा."

"आणि विचारलं, तुझा चहा झाला का."

शाल्मलीने तिचे केस सारखे करायला हात नेला, आणि तो तिच्या डोक्यावर तसाच राहिला. निमीने फोन कानावरून काढला, वळून आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि अगदी सहज, पुढची गोष्ट ऐकायची असते तसं विचारलं,

"मग तू काय म्हणालीस?"